आधी इंजेक्शन की आधी गाडी?

छातीत कळ येऊन कुणी तालुक्याच्या दवाखान्यात आला, ईसीजीच्या पट्टीवर एसटी उचललेला दिसला, की बिदर-कलबुर्गीकडच्या डॉक्टरांचे दोन पक्ष पडतात. तालुक्यात काम करणारे म्हणतात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथंच द्या, मग पुढं पाठवा. कॅथलॅबमध्ये काम करणारे म्हणतात, ॲस्पिरिन चावायला द्या, गाडीत घाला, बाकी आमच्यावर सोडा. वाद जुनाच आहे, पण अलीकडे त्याला नवी धार आली. कर्नाटक सरकारनं पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेतून तालुका रुग्णालयांत टेनेक्टेप्लेज मोफत द्यायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात केली. बाजारात याच इंजेक्शनला तीस हजारांच्या आसपास मोजावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेचं ३७१ खाटांचं रुग्णालय उभं राहिलं (खाटांचा हा आकडा संविधानाच्या कलम ३७१ (जे) वरून घेतला, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको). आणि २०२५ च्या जून-जुलैत हासनमधल्या हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्यांनी राज्यभर अशी धास्ती पसरली, की धडधाकट तरुणही ईसीजीसाठी रांगा लावू लागले. एका बाजूला औषध तालुक्यात आलं, दुसऱ्या बाजूला कॅथलॅब जवळ आली. मग आधी काय? पुढं बोलणारे दोघे डॉक्टर कल्पित आहेत, त्यांनी मांडलेला पुरावा मात्र छापील आहे. मी मध्येमध्ये बोलणार आहे, आणि मी तटस्थ नाही.

हृदयरोगतज्ज्ञ: डॉक्टर, आधी मूळ पुरावा बघू. २००३ साली कीली आणि ग्राइन्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २३ चाचण्या एकत्र मांडल्या, एकूण ७,७३९ रुग्ण. तातडीच्या अँजिओप्लास्टीच्या गटात पहिल्या काही आठवड्यांतले मृत्यू ७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ९. पुन्हा ॲटॅक ३ टक्के विरुद्ध ७, पक्षाघात १ विरुद्ध २. तिन्ही गोष्टींत एकच पारडं जड. इंजेक्शननं रक्तवाहिनी पूर्ण उघडते ती निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांत. उरलेल्यांत ती अर्धवट उघडते किंवा उघडतच नाही. फुग्यानं आणि स्टेंटनं आम्ही ती दहातल्या नऊ जणांत उघडतो. वरून इंजेक्शनला मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. कलबुर्गीत आता जयदेव आहे, हैदराबाद, सोलापूर, लातूर तिन्हीकडे कॅथलॅब आहेत, रस्तेही दहा वर्षांपूर्वीचे राहिले नाहीत. मग कमी प्रतीचा उपचार आधी द्यायचा तो कशासाठी? तालुक्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणून?

तालुक्याचे डॉक्टर: सर, समाधानाचा प्रश्न नाही. त्या २३ चाचण्यांतला रुग्ण कमलनगरचा नव्हता. त्या चाचण्यांत इंजेक्शन देण्याची वेळ आणि फुगा फुगवण्याची वेळ यांत सरासरी चाळीस मिनिटांचं अंतर होतं. आमच्याकडे औरादहून बिदर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, बिदरहून कलबुर्गी आणखी शंभराच्या वर. हा नुसता रस्ता झाला. त्याआधी १०८ ची गाडी यायची. त्याआधी भाऊ-चुलते जमून हैदराबादला न्यायचं की कलबुर्गीला, यावर बोलायचे, पैशांची जुळवाजुळव व्हायची. तिकडं पोचल्यावर कॅज्युअल्टी, नोंदणी, कार्ड, सही, आणि रात्र असली तर घरी गेलेल्या टीमला बोलावणं. तुम्ही ७ आणि ९ चा फरक दाखवता, तो चाळीस मिनिटांवर उभा आहे. आमचा रुग्ण चार तासांवर उभा आहे. हृदयाचा स्नायू तेवढा वेळ थांबत नाही. १९९६ मध्ये बूर्स्मा आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांचा हिशेब मांडला होता: दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात गुठळी विरघळवली तर हजारामागे ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७, त्याहून उशिरा तीसच्याही खाली. घसरण पहिल्या दोन तासांतच सगळ्यात मोठी आहे आणि ते दोन तास आमच्या हातात असतात, तुमच्या नाही.

इथं तालुक्याच्या डॉक्टरांची बाजू त्यांनी मांडली त्याहून भक्कम आहे असं मला वाटतं. कारण अँजिओप्लास्टीचा फायदा किती उशिरापर्यंत टिकतो हे मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ६४५ रुग्णालयांतल्या १,९२,५०९ रुग्णांच्या नोंदींवरून पिंटो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की इंजेक्शनच्या तुलनेत अँजिओप्लास्टीला ११४ मिनिटं उशीर झाला की मृत्यूच्या बाबतीत दोन्ही उपचार सारखे होतात. पण ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवी असते. वय ६५ च्या आत, ॲटॅक हृदयाच्या पुढच्या भागाचा आणि रुग्ण दोन तासांच्या आत आलेला, असं असेल तर ही मुदत ११४ नव्हे, अवघी ४० मिनिटं निघाली. वय जास्त, ॲटॅक दुसऱ्या भागाचा आणि रुग्ण उशिरा आलेला, तर १७९ मिनिटं. आता आपला रुग्ण यातला कोणता? बंगळुरूच्या सेंट जॉन्समधून चालवलेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत देशभरातल्या ८९ केंद्रांतले २०,९३७ रुग्ण होते. २००८ मध्ये ते आकडे छापून आले तेव्हा रुग्णांचं सरासरी वय ५७ च्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णाहून कितीतरी तरुण. म्हणजे ज्याला उशीर सगळ्यात महाग पडतो, नेमका तोच इथं जास्त येतो. औरादच्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याला तासाभरात पकडलं आणि इंजेक्शनशिवाय दीडशे किलोमीटर हलवलं, तर आपण त्याला उत्तम उपचाराकडे नेत आहोत हा निव्वळ भ्रम ठरतो.

तज्ज्ञ: तुम्ही ‘क्रिएट’चा सोयीचा आकडा घेतलात आणि गैरसोयीचा गाळलात. त्याच नोंदणीत दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास! म्हणजे निम्मे लोक सहा तासांनंतर येतात. आधी गॅस झाला म्हणून सोडा पितात, मग गावातल्या आरएमपीकडे सलाईन लावून घेतात, मग तुमच्याकडे. त्या वेळी तुमचं इंजेक्शन काय कामाचं? चेक प्रजासत्ताकातली प्राग-२ चाचणी बघा. तीन तासांच्या आत आलेल्यांत दोन्ही गट सारखे. तीन तासांनंतर आलेल्यांत इंजेक्शनच्या गटात १५.३ टक्के मृत्यू आणि लांबच्या कॅथलॅबला नेऊन अँजिओप्लास्टी केलेल्यांत ६ टक्के. जुनी गुठळी घट्ट होते, औषधाला दाद देत नाही. पहिल्या दोन तासांचा तुमचा युक्तिवाद खरा आहे, पण दोन तासांत येतं कोण?

हा आक्षेप या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार आहे. तो उडवून लावणारे इंजेक्शनवाले स्वतःच्याच बाजूचं नुकसान करतात. पण तो आक्षेप सिद्ध काय करतो? एवढंच, की निर्णय दवाखान्याच्या पाटीवर ठरत नाही, दुखणं सुरू झाल्याच्या वेळेवर ठरतो. तीन तासांच्या आत आलेल्याला, अँजिओप्लास्टी वेळेत होणार नसेल तर, इंजेक्शन आधी. तीन तासांच्या पुढं आलेल्याला, कॅथलॅब खरोखर आवाक्यात असेल तर, आधी गाडी. आणि कॅथलॅब आवाक्यात नसेल तर बारा तासांपर्यंत इंजेक्शनच. कमी गुणाचं असलं तरी काहीच न देण्यापेक्षा बरं. २०२३ ची युरोपीय मार्गदर्शक सूत्रंही दुसरं काही सांगत नाहीत: निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती करा, नसेल तर १० मिनिटांत इंजेक्शन द्या. इथं ‘होणार असेल’ याचा अर्थ ‘नेहमी होते’ असा घ्यायचा, ‘एखाद्या दिवशी होऊ शकते’ असा नाही. म्हणून केसपेपरवर सगळ्यात वर नाव-गाव नव्हे, कळ कधी सुरू झाली ती वेळ लिहिली गेली पाहिजे. माझ्या मते तालुका रुग्णालयात हा एक बदल कुठल्याही यंत्राहून स्वस्त आणि मोलाचा आहे. सहा तासांचा उशीर हा घर ते दवाखाना यामधला प्रश्न आहे. तो कॅथलॅबनं सुटत नाही, तसा इंजेक्शननंही सुटत नाही.

तज्ज्ञ: ठीक, लवकर आलेल्यांपुरतं बोलू. रक्तस्रावाचं काय? रात्रपाळीला एमबीबीएस होऊन वर्ष झालेला मुलगा किंवा मुलगी असते. पट्टी चुकीची वाचली, पेरिकार्डायटिसला किंवा महाधमनी फाटलेल्याला इंजेक्शन दिलं, तर? किंवा निदान बरोबर असूनही सत्तरीतल्या बाईला मेंदूत रक्तस्राव झाला, तर? चालत आलेली बाई इंजेक्शननंतर गेली, एवढंच नातेवाइकांना दिसतं. त्यांना तुम्ही मार्गदर्शक सूत्रं वाचून दाखवणार का?

तालुक्याचे डॉक्टर: भीती खरी आहे, सर. पण तिचं माप घेऊ. २०१३ च्या स्ट्रीम चाचणीत १,८९२ रुग्ण होते, सगळे तीन तासांच्या आत आलेले आणि तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले. म्हणजे जवळजवळ आमचेच. टेनेक्टेप्लेज देऊन पुढं पाठवलेल्यांत मृत्यू, शॉक, हृदय निकामी होणं, पुन्हा ॲटॅक हे सगळं मिळून १२.४ टक्के, थेट अँजिओप्लास्टीच्या गटात १४.३. मेंदूतला रक्तस्राव मात्र १ टक्का विरुद्ध ०.२. म्हणून चाचणी चालू असतानाच पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा डोस निम्मा केला. त्यानंतर हा आकडा ०.५ विरुद्ध ०.३ वर आला. राहिली पट्टी वाचण्याची गोष्ट. आता ती एकट्यानं वाचायची नसते. हब-अँड-स्पोकमध्ये, म्हणजे मोठ्या रुग्णालयाला जोडलेल्या लहान दवाखान्यांच्या जाळ्यात, पट्टी मोबाइलवरून तुमच्याकडे जाते आणि तुमचं उत्तर आल्यावरच इंजेक्शन निघतं. आणि टेनेक्टेप्लेज द्यायला स्ट्रेप्टोकायनेजसारखं तासभर ड्रिपकडे बघत, बीपी पडतंय का म्हणून धसका घेत बसावं लागत नाही. वजन बघायचं, साठ किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, पुढं दर दहा किलोला पाच वाढवत नव्वदीला ५०, आणि एकाच सिरिंजमधून काही सेकंदांत. हे इंजेक्शन आता पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीतही बनतं, परदेशावर डोळे लावून बसायचीही गरज नाही.

तज्ज्ञ: मग २०२३ ची स्ट्रीम-२ सुद्धा सांगा. साठीच्या पुढच्या ६०४ लोकांना घेऊन, डोस निम्मा करून बघितलं. तरी इंजेक्शनच्या गटात ४०१ पैकी सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात एकाच्याही नाही.

सहापैकी तीन ठिकाणी नियम मोडले गेले होते: दोघांना रक्त पातळ करणारं औषध जास्त गेलं होतं, एकाचं बीपी आवरलेलं नव्हतं. तरीही या आकड्यावर पांघरूण घालू नये. त्यातून मला दोन गोष्टी निघताना दिसतात. एक, साठी ते पंचाहत्तरीच्या रुग्णाबाबत हात थोडा आखडता घेणं शहाणपणाचं, विशेषतः किरकोळ बांध्याची स्त्री, जुनं बीपी आणि लहान ॲटॅक असेल तर. दुसरी अधिक महत्त्वाची: धोका एकट्या इंजेक्शनात नसतो, त्याच्या आजूबाजूला जे दिलं जातं त्यातही असतो. वजन न बघता दिलेलं हेपरिन, १८० च्या वर बीपी असताना केलेली घाई, क्लोपिडोग्रेलच्या जागी सवयीनं दिलेलं टिकाग्रेलॉर. कॅथलॅबकडे जाणाऱ्याला जे औषध शोभतं ते इंजेक्शन घेतलेल्याला शोभेलच असं नाही. चुका इथं होतात, आणि त्या एका पानाच्या लेखी यादीनं टाळता येतात. रात्रपाळीच्या नवशिक्या डॉक्टरावर अविश्वास दाखवण्यापेक्षा ती यादी त्याच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवणं मला जास्त पटतं.

तज्ज्ञ: माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तुम्ही इंजेक्शन देता आणि रुग्ण ठेवून घेता. दुखणं कमी झालं, घरचे खूश, तीन दिवस वॉर्डात, मग डिस्चार्ज. आमच्याकडे तो येतो पंधरा दिवसांनी, दुसरा ॲटॅक घेऊन, किंवा धाप लागल्यावर. स्ट्रीमचा आकडा तुम्ही सांगितलात, पण त्याच चाचणीत इंजेक्शन दिलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना तातडीनं अँजिओप्लास्टी करावी लागली होती, कारण वाहिनी उघडलीच नाही. तीनातला एक! तुमच्या तालुक्यात तो तीनातला एक कोण, हे कुणी बघतं का?

इथं तज्ज्ञांचं शंभर टक्के बरोबर आहे. किंबहुना इंजेक्शनवाल्यांच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया याच ठिकाणी कच्चा राहतो. चाचण्यांत जे यशस्वी ठरलं ते नुसतं इंजेक्शन नव्हतं. इंजेक्शन आणि लगेच गाडी असा जोडउपचार होता. जोडीतलं एक काढलं की दुसऱ्याच्या नावावर ते यश सांगता येत नाही. यालाही पुरावा आहे. कॅनडातल्या ट्रान्सफर-एएमआय चाचणीत १,०५९ रुग्णांना इंजेक्शन दिलं. ज्यांना त्यानंतर लगेच कॅथलॅबकडे हलवलं त्यांच्यात महिन्याभरात गंभीर घटना ११ टक्के, ज्यांना जागेवर ठेवून गरज पडली तरच हलवलं त्यांच्यात १७.२. आणि ज्यांची वाहिनी उघडलीच नाही त्यांच्याबद्दल ब्रिटनची रिॲक्ट चाचणी सांगते, की अशांना अँजिओप्लास्टीला नेलं तर सहा महिने विनाविघ्न पार पडणारे ८४.६ टक्के, पुन्हा इंजेक्शन दिलं तर ६८.७, काहीच वेगळं केलं नाही तर ७०.१. म्हणून इंजेक्शन टोचलं तेव्हाच १०८ ला फोन गेलेला असला पाहिजे. साठ ते नव्वद मिनिटांनी दुसरी पट्टी काढायची. एसटी निम्म्यानंही उतरला नसेल तर वाहिनी बंद आहे असं धरायचं. ही दुसरी पट्टी वाटेत, गाडीत निघाली तरी चालेल. दुखणं थांबलं की नाही यावर विसंबू नये. मॉर्फिननंही दुखणं थांबतं. आणि वाहिनी उघडली तरी दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हायलाच हवी. माझ्या लेखी यातला एक दुवा जरी तुटला, तरी ‘आम्ही थ्रोम्बोलाइझ केलं’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

तज्ज्ञ: आणि अशी साखळी आपल्याकडे चालते, याला पुरावा?

तालुक्याचे डॉक्टर: तमिळनाडूत चालली. चार मोठी रुग्णालयं, त्यांना जोडलेली लहान रुग्णालयं, २,४२० रुग्ण. साखळी बसवण्याआधी वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्के होते, बसवल्यावर १४.२. २०१७ मध्ये ‘जामा कार्डिऑलॉजी’त आलं. गोव्यातही गोवा मेडिकल कॉलेजला मध्ये ठेवून असंच जाळं विणलं गेलं.

तज्ज्ञ: तमिळनाडूचा अभ्यास आधी-नंतरचा आहे. चिठ्ठी टाकून गट पाडलेले नाहीत. त्या काळात आणखी दहा गोष्टी सुधारल्या असतील.

असतील. पण अशा साखळीची चिठ्ठी टाकून चाचणी घेणं जवळपास अशक्य आहे, आणि आधी-नंतरच्या फरकातला अर्धा जरी साखळीचा धरला तरी तो थोडा नाही. शिवाय त्या अभ्यासात एक तपशील आहे, जो दोन्ही पक्षांनी वाचायला हवा: साखळी बसल्यावर अँजिओग्राफी होणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ६०.८ वर गेलं. इंजेक्शनच्या जाळ्यानं कॅथलॅबचे रुग्ण पळवले नाहीत, वाढवले.

आता आपल्या नकाशाकडे. दोन्ही जिल्ह्यांना एकच नियम लावणं हा आळस आहे. आळंद कलबुर्गीपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथून रुग्ण निघतानाच जयदेवला पट्टी गेली आणि टीम तयार राहिली, तर १२० मिनिटांचं गणित बसतं. आळंदच्या रुग्णाला गाडीच आधी मिळावी. हुमनाबाद महामार्गावर असलं तरी साठेक किलोमीटर, दिवसा जमेल, रात्री सांगता येत नाही. बसवकल्याण, चिंचोली, औराद, कमलनगर इथं मात्र इंजेक्शन आधी, यात मला शंका वाटत नाही. बिदर शहराबाबत प्रश्न एवढाच, की इथली कॅथलॅब रात्री दोन वाजता किती मिनिटांत सुरू होते. प्रत्येक तालुका रुग्णालयानं आपल्या मागच्या रुग्णांच्या खऱ्या वेळा काढून हे ठरवावं. बंगळुरूत बसून काढलेल्या परिपत्रकाला भालकीचा रस्ता माहीत नसतो.

तालुक्याचे डॉक्टर: आणि कमलनगरचा रुग्ण मुळात कलबुर्गीला का न्यायचा, सर? उदगीर हाकेच्या अंतरावर आहे, पुढं लातूर. लोकांची सोयरीक तिकडं, बाजार तिकडं, भाषा तिकडची. गाडीत घातलं की नातेवाईक ड्रायव्हरला सांगतात, उदगीरला घे. आमची पट्टी गेलेली असते कलबुर्गीला.

तज्ज्ञ: पण योजना राज्याची आहे. सीमेपलीकडच्या रुग्णालयाला माझ्या हबशी काय देणंघेणं? आणि तिथं त्याचं कर्नाटकचं कार्ड चालेल का?

हा प्रश्न वैद्यकीय पुस्तकात नाही, पण सीमाभागात त्याच्याइतका वैद्यकीय प्रश्न दुसरा नसेल. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमेवरच्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी हरकत घेतली. भांडण हद्दीचं झालं, आणि हृदयविकाराचा रुग्ण त्यात कुठं बसतो हे कुणी विचारलं नाही. मला वाटतं, तालुक्याच्या डॉक्टरांनी आणि पलीकडच्या तज्ज्ञांनी या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. कार्डाचं कोडं सरकारांना सोडवू दे. रुग्णाबरोबर जाणाऱ्या कागदाला कुणाची परवानगी लागत नाही. त्यावर कळ सुरू झाल्याची वेळ, पहिल्या पट्टीची वेळ, औषध, वजन, डोस, टोचल्याची वेळ, हेपरिन किती, दुसऱ्या पट्टीत एसटी किती उतरला, एवढं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं असावं आणि गाडी वळली की त्याचा फोटो उदगीर किंवा लातूरला गेलेला असावा. नाहीतर पलीकडचा डॉक्टर, इंजेक्शन आधीच दिलंय हे न कळून, ते पुन्हा देऊ शकतो. आणि ज्या रक्तस्रावाची तज्ज्ञांना एवढी धास्ती आहे, तो मग औषधामुळे नव्हे, न लिहिलेल्या ओळीमुळे होईल.

तज्ज्ञ: कागद मान्य. साठी ते पंचाहत्तरीच्या अर्ध्या डोसबद्दल मात्र मी अजून तुमच्या बाजूनं नाही.

तालुक्याचे डॉक्टर: नसाल तर नसा, सर. तसा रुग्ण आला की पट्टी तुमच्याकडेच येणार आहे. फक्त उत्तर दहा मिनिटांत द्या.